आपला प्रतिनिधि कोणाचा?

एका ओढ्यावर दोन गांवें वसलेलीं आहेत असें समजा. वरच्या गांवानें पाणी अडविलें म्हणजे खालच्या गांवचीं शेतें सुकतात. तंटा वाढतो, आणि दोन्ही गांवच्या पंचांनीं एकत्र बसून निकाल करावा असें ठरतें. वरच्या गांवचे लोक आपल्यांतील एका भल्या मनुष्यास निवडतात व निघतांना त्यास बजावतात कीं, कांहीं झालें तरी पाणी सोडण्यास कबूल होऊं नको. तो मनुष्य बैठकीस जातो, खालच्या गांवच्या लोकांचें म्हणणें ऐकतो, त्यांचीं करपलेलीं पिकें डोळ्यांनीं पाहतो, आणि आपल्या गांवची मागणी अन्यायाची आहे अशी त्याच्या मनाची खात्री होते. आतां त्यानें काय करावें? गांवचा निरोप जसाच्या तसा सांगून मोकळें व्हावें, कीं जें न्याय्य दिसलें तें करावें? पहिलें केलें तर आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढें तो दोषी ठरतो. दुसरें केलें तर ज्यांनीं विश्वासानें पाठविलें ते त्यास विश्वासघातकी म्हणतात.

हा प्रश्न ओढ्याकांठींच संपत नाहीं. राष्ट्राच्या पार्लमेंटांत जो सभासद बसतो, त्यास कोणत्या तरी एका प्रदेशाच्या मतदारांनीं निवडलेलें असतें. परंतु त्यानें दिलेल्या मतानें सर्व राष्ट्राचें बरें अथवा वाईट होतें. मग तो सभासद कोणाचा? ज्या मतदारसंघानें त्यास पाठविलें त्याचा, कीं सर्व राष्ट्राचा? आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण गांवच्या शाळेंत जाऊन मत देतात. तेव्हां ह्या प्रश्नाचा विचार करणें हें केवळ विद्वानांचें काम आहे असें आम्हांस वाटत नाहीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल नांवाच्या मतदारसंघांत हा प्रश्न एकदां फार स्पष्टपणें पुढें आला होता. ती हकीकत आम्ही प्रथम सांगतों व मग आपल्याकडे वळतों.

ब्रिस्टल हें इंग्लंडच्या पश्चिमेस एव्हन नदीवर असलेलें जुनें बंदर होय. अठराव्या शतकांत तेथील व्यापारी साखर व तंबाखू ह्यांच्या व्यापारावर गबर झाले होते. आफ्रिकेंतील माणसें जहाजांत कोंबून नेऊन वेस्ट इंडीज बेटांतील व अमेरिकेंतील मळ्यांवर विकण्याचा जो घोर व्यापार त्या काळीं चाले, त्यांतही ह्या बंदराचीं जहाजें होतीं. पार्लमेंटांत ब्रिस्टलास दोन जागा असत व मतदार सुमारें ५,००० होते. त्या काळच्या मानानें हा मोठाच मतदारसंघ होता. आजच्यासारखें गुप्त मतदान तेव्हां नव्हतें. मतदारानें सर्वांच्या देखत उमेदवाराचें नांव सांगावें व तें वहींत लिहून घ्यावें, अशी रीत होती. गुप्त मतदानाचा कायदा इंग्लंडांत १८७२ सालीं झाला. स्त्रियांस मत नव्हतें, आणि गरिबांपैकीं बहुतेकांस नव्हतें.

१७७४ सालच्या निवडणुकींत ह्या शहरानें दोन नवे सभासद निवडले. एक हेन्री क्रूगर, न्यूयॉर्क येथें जन्मलेला व्यापारी. दुसरा एडमंड बर्क, डब्लिन शहरीं जन्मलेला, मोठा वक्ता व ग्रंथकार. ३ नोव्हेंबर १७७४ रोजीं निकाल जाहीर झाला. प्रथम क्रूगर बोलला. मतदारांनीं आज्ञा करावी व सभासदानें ती पाळावी, असें त्याच्या म्हणण्याचें सार होतें. लोकांस तें साहजिकच आवडलें. नंतर बर्क उठला आणि ज्यांच्या मतांनीं तो नुकताच निवडून आला होता त्यांच्या तोंडावर त्यानें सांगितलें कीं, हें मला मान्य नाहीं.

त्याच्या बोलण्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतों. सभासदानें आपली विश्रांति, आपलें सुख व आपला लाभ हीं मतदारांच्या हितापुढें तुच्छ मानावीं. त्यांच्या इच्छेस मोठें वजन द्यावें. त्यांच्याशीं नित्य संबंध ठेवावा. परंतु आपली निवाडा करण्याची बुद्धि त्यानें कोणासही, मतदारांसही, विकूं नये. ती ईश्वरानें सोंपविलेली ठेव आहे, आणि तिच्या उपयोगाचा जाब त्यास द्यावा लागेल. जे वादविवाद ऐकतात त्यांनीं निर्णय करूं नये, आणि जे शेंकडों मैल दूर आहेत व ज्यांनीं दुसरी बाजू ऐकलीच नाहीं त्यांनीं तो आधींच करून ठेवावा, ही कोणती रीत? पार्लमेंट म्हणजे परस्परांशीं भांडणाऱ्या मुलखांच्या वकिलांची बैठक नाहीं. सर्वांच्या हिताचा विचार करणारी ती एका राष्ट्राची सभा आहे. ब्रिस्टलनें सभासद निवडला खरा, पण निवडल्यावर तो केवळ ब्रिस्टलचा राहिला नाहीं.

असें बोलणें निवडून आल्या दिवशीं सोपें असतें; त्याची परीक्षा पुढें होते. बर्कची परीक्षा तीन प्रसंगीं झाली.

पहिला प्रसंग आयर्लंडच्या व्यापाराचा. त्या देशाच्या मालावर इंग्लंडनें अनेक बंधनें घातलीं होतीं व त्यामुळें तेथील लोक दारिद्र्यांत पिचत होते. १७७८ सालीं तीं बंधनें सैल करण्याचीं बिलें पार्लमेंटांत आलीं. आयर्लंडचा माल मोकळा सुटला तर आपला धंदा बुडेल, असें भय ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांस पडलें व त्यांनीं विरोध करण्याविषयीं बर्कला कळविलें. त्यानें त्या बिलांस पाठिंबा दिला, आणि कां दिला हें पत्रें लिहून त्यांस समजावून सांगितलें. पण त्यांचें समाधान झालें नाहीं. दुसरा प्रसंग कर्जदारांचा. त्या काळच्या कायद्याप्रमाणें कर्ज न फेडणाऱ्या मनुष्यास सावकार दीर्घकाळ तुरुंगांत डांबून ठेवूं शके. हा कठोरपणा कमी करणाऱ्या बिलास बर्कनें उचलून धरलें. ज्यांचें येणें होतें ते दुकानदार अर्थातच नाराज झाले.

तिसरा प्रसंग रोमन कॅथॉलिकांचा, आणि येथें आम्हां प्रॉटेस्टंट लोकांनीं जरा थांबून विचार केला पाहिजे. इंग्लंडांत एक जुना कायदा होता. त्याअन्वयें कॅथॉलिक पाळकानें उपासना चालविली किंवा कॅथॉलिक मनुष्यानें शाळा काढली तर त्यास जन्मभर तुरुंगांत ठेवतां येई, आणि कॅथॉलिक मनुष्यास जमीन विकत घेण्याची मनाई होती. १७७८ सालीं पार्लमेंटानें ह्यांतील कांहीं जाचक कलमें रद्द केलीं. बर्क स्वतः प्रॉटेस्टंट, पण त्याची आई कॅथॉलिक होती. त्यानें ह्या सुधारणेस मनापासून साहाय्य केलें. ह्याचा परिणाम काय झाला? जून १७८० मध्यें, तो कायदा परत घ्या अशी ओरड करीत, प्रॉटेस्टंट धर्माच्या रक्षणाच्या नांवाखालीं लंडनांत मोठा दंगा झाला. कॅथॉलिकांचीं प्रार्थनामंदिरें व घरें जाळण्यांत आलीं, तुरुंग फोडले गेले, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. ब्रिस्टलांतही पुष्कळ मतदार बर्कवर ह्याच कारणानें रुष्ट होते. जो धर्म शत्रूवरही प्रीति करण्यास शिकवितो, त्याच्याच नांवानें शेजाऱ्याचें घर जाळलें गेलें, ही गोष्ट आम्ही विसरूं नये. आज आपण ह्या देशांत थोडके आहों व बहुसंख्यांनीं आपल्याशीं न्यायानें वागावें अशी अपेक्षा करतों. जेथें आपले धर्मबंधु बहुसंख्य होते तेथें ते थोडक्यांशीं कसे वागले, हेंही ध्यानांत ठेवणें आपणांस उचित आहे.

सप्टेंबर १७८० मध्यें पुन्हां निवडणूक आली. बर्क ब्रिस्टलास गेला व त्यानें नगरसभागृहांत आपल्या सहा वर्षांच्या कामाचा जाब दिला. आपल्यावरील एकेक आरोप त्यानें स्वतःच वाचून दाखविला व एकेकाचें उत्तर दिलें. कॅथॉलिकांस दिलेल्या मोकळिकीविषयीं त्यानें क्षमा मागितली नाहीं. पण लोकांचें मन फिरलें होतें. निवडून येण्याची आशा नाहीं असें पाहून त्यानें आपलें नांव मागें घेतलें. आयर्लंडास व्यापाराची मोकळीक तर ह्याच्या आधींच मिळून चुकली होती. तेथील लोकांचा दाब वाढल्यावर १७७९-८० मध्यें इंग्लंडास ती द्यावी लागली.

ही हकीकत वाचून कोणी सहज म्हणेल कीं, बर्क थोर होता आणि ब्रिस्टलचे लोक कृतघ्न होते. आम्हांस निकाल इतका सरळ वाटत नाहीं. ब्रिस्टलच्या लोकांची एक तक्रार अगदीं खरी होती. सहा वर्षांत त्यांच्या ह्या सभासदाचें पाऊल त्यांच्या शहरास क्वचितच लागलें. पार्लमेंटांतील कामामुळें येणें झालें नाहीं असें त्यानें सांगितलें, आणि पत्रांनीं तो मतदारांचीं कामें करीत असे हेंही खरें. परंतु पत्र म्हणजे भेट नव्हे. आपली बुद्धि मी कोणाच्या हवालीं करणार नाहीं, असें ज्यास म्हणावयाचें आहे, त्यानें ती बुद्धि कशी चालते हें लोकांच्या दारीं जाऊन दाखविलें पाहिजे. विश्वस्तास व्यवहाराचें स्वातंत्र्य असतें, पण हिशेब दाखविण्यापासून त्याची सुटका नसते.

दुसरी शंका ह्याहून मोठी आहे. विवेकबुद्धीचें नांव कोणीही घेऊं शकतो. मतदारांस विसरून स्वतःची तुंबडी भरणारा मनुष्यही म्हणेल कीं, मीं विवेकास स्मरून असें केलें. मग खऱ्या विवेकाची खूण कोणती? आमच्या मतें तीन खुणा पाहाव्या. आपण कसे वागणार हें त्या मनुष्यानें मत घेण्यापूर्वीं अथवा निदान लागलीच उघडपणें सांगितलें होतें काय? लोकांच्या इच्छेविरुद्ध गेल्यावर तो त्यांच्या समोर येऊन उभा राहिला, कीं तोंड लपवून बसला? आणि त्याच्या विरोधानें लाभ कोणाचा झाला: त्याचा स्वतःचा, कीं ज्यांचें कोणी ऐकत नाहीं अशांचा? बर्क ह्या तिन्ही कसोट्यांस उतरतो. त्यानें पहिल्याच दिवशीं बजावलें होतें. शेवटीं येऊन जाब दिला. आणि त्याच्या मतांनीं लाभ झाला तो दरिद्री आयरिश लोकांचा, तुरुंगांतील कर्जदारांचा व छळलेल्या कॅथॉलिकांचा. त्याच्या स्वतःच्या पदरीं मात्र जागा गमावणेंच आलें.

येथें एक अवघड गोष्ट लपवूं नये. ब्रिस्टल सुटल्यावर बर्क माल्टन ह्या गांवाच्या वतीनें पार्लमेंटांत गेला. त्या गांवची जागा एका धनाढ्य उमरावाच्या मुठींत होती. तो ज्याचें नांव सुचवी तोच निवडून येई. म्हणजे ज्यानें लोकांच्या आज्ञेस मान तुकविली नाहीं, तो शेवटीं एका श्रीमंताच्या कृपेच्या जागेवर बसला. ही व्यवस्था चांगली होती असें कोणी म्हणणार नाहीं, आणि पुढें इंग्लंडनें ती मोडलीही. परंतु त्याच जागेवर बसून बर्कनें जें मोठें कार्य हातीं घेतलें तें आपल्या देशाविषयींचें होतें. बंगालचे गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्यांच्या कारभाराविरुद्ध त्यानें आरोप मांडले. १७८८ सालीं उमरावांच्या सभेपुढें तो खटला सुरू झाला व १७९५ सालीं हेस्टिंग्ज दोषमुक्त ठरले. त्या आरोपांतील कांहीं अतिशयोक्तीचे होते असें इतिहासकार म्हणतात, व तें खरें असेल. तरी ज्यांनीं बर्कला मत दिलें नव्हतें, देऊं शकले नसते, व ज्यांनीं त्याचें नांवही ऐकलें नव्हतें, अशा कोट्यवधि हिंदी लोकांच्या दुःखाचा जाब तेथें मागितला गेला. मतदारांच्या आज्ञेपलीकडे पाहणारा मनुष्य पार्लमेंटांत नसेल, तर ज्यांस मतच नाहीं त्यांची दाद कोण लावणार?

ब्रिस्टलच्याच आणखी एका सभासदाची गोष्ट ह्या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. एडवर्ड कोल्स्टन हा १७१० पासून १७१३ पर्यंत ब्रिस्टलचा सभासद होता. त्यानें शहरांत शाळा व धर्मादाय गृहें ह्यांकरितां पुष्कळ द्रव्य दिलें, आणि लोकांनीं त्याचें नांव पिढ्यान्‌पिढ्या आदरानें घेतलें. पण त्याचें द्रव्य कांहीं अंशीं गुलामांच्या व्यापारांतून आलेलें होतें. आफ्रिकेंतून माणसें विकून नेणाऱ्या मोठ्या कंपनीचा तो एक अधिकारी होता. ब्रिस्टलनें १८९४ सालीं बर्कचा पुतळा उभारला व १८९५ सालीं जवळच कोल्स्टनचा. ७ जून २०२० रोजीं जमावानें कोल्स्टनचा पुतळा पाडला व ओढीत नेऊन बंदराच्या पाण्यांत टाकला. पुढें तो काढून वस्तुसंग्रहालयांत ठेवण्यांत आला. जमावानें असें करावें कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न आहे. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, कोल्स्टनवर ब्रिस्टलचे मतदार नाराज झाले नव्हते. त्यांचें हित त्यानें पाहिलें होतें. ज्यांचें अहित झालें त्यांचीं नांवें मतदारांच्या वहींत नव्हतीं. त्यांचा हिशेब तीनशें वर्षांनीं पुढें आला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्या लोकसभेंत ५४३ मतदारसंघांचे सभासद बसतात. त्यांत महाराष्ट्राचे ४८. २०२४ सालच्या निवडणुकीसाठीं देशांत सुमारें ९७ कोटी मतदार नोंदलेले होते. म्हणजे सरासरीनें एकेका मतदारसंघांत सतरा लाखांहून अधिक. ब्रिस्टलच्या ५,००० मतदारांस आपल्या सभासदाची भेट दुर्मिळ वाटली. मग आपल्या वाडीवस्तीवर सभासद किती वेळां येणार? शिवाय आतां सभासदास तिसरा धनी झाला आहे, तो म्हणजे त्याचा पक्ष. लोभानें पक्ष बदलणाऱ्यांस आळा घालण्याकरितां १९८५ सालीं राज्यघटनेंत दहावें परिशिष्ट घालण्यांत आलें. त्यामुळें पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊं शकते. हेतु चांगला, पण प्रामाणिक मतभेद असणारासही तोच दंड. म्हणून सभासदाच्या विवेकास जागा ठेवावयाची असेल, तर आपणच त्यास विचारलें पाहिजे कीं, पक्षाच्या बैठकींत तुम्हीं काय म्हटलें? सभागृहांत कोणते प्रश्न विचारले? कोणासाठीं बोललां?

आणखी एक गोष्ट विशेषेंकरून आपल्या समाजाची. १९३५ च्या कायद्यानें प्रांतिक विधिमंडळांत हिंदी ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. पुढें घटनासमितींत, धार्मिक अल्पसंख्यांसाठीं जागा राखून ठेवाव्या काय असा प्रश्न निघाला. १९४९ सालीं तशा जागा ठेवूं नयेत असें ठरलें, आणि समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, जे स्वतः ख्रिस्ती होते, त्यांनीं ह्या निर्णयास पाठिंबा दिला. ह्यांत जोखीम होती व आजही आहे. थोडक्यांचें मत गर्दींत हरवूं शकतें. परंतु ह्याचा दुसरा अर्थ असा कीं, आपल्या मतदारसंघाचा सभासद, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपलाही आहे. आणि आपण मत देतों तें केवळ आपल्या मंडळीकरितां देत नाहीं. "आपल्या माणसाला मत द्या," असें निवडणुकीच्या आदल्या रात्रीं कोणी येऊन सांगतो, तेव्हां आपण त्यास विचारावें कीं, तो आपला माणूस खालच्या गांवचाही होऊं शकेल काय?

कारण मत ही आपल्या घरची मालमत्ता नव्हे कीं जी रात्रींत विकावी किंवा नातेवाइकास आंदण द्यावी. सभासदाची बुद्धि जशी त्याच्याजवळची ठेव, तसें आपलें मत ही आपल्याजवळची ठेव आहे. ती कोणाची ठेव? ज्यांस मत नाहीं त्यांची: अठरा वर्षांखालील लेंकरांची, ऊंसतोडीस परमुलखीं गेल्यामुळें मतदानास येऊं न शकणाऱ्या मजुरांची, आणि जे अजून जन्मले नाहींत पण ज्यांस आपण ठेवूं तीच जमीन व तेंच पाणी मिळणार त्यांची. आपण सभासदाकडे केवळ आपल्यापुरता रस्ता व आपल्यापुरता नळ मागत राहिलों, तर तोही आपणांस तेवढेंच देईल, आणि सर्वांच्या हिताचें काय केलें हें विचारण्याचा आपला अधिकार दुबळा होईल.

शेवटीं त्या ओढ्याकांठच्या पंचाकडे येऊं. त्यानें काय करावें? निघण्यापूर्वींच त्यानें गांवास सांगावें कीं, मी तुमचें म्हणणें पूर्ण ताकदीनें मांडीन, पण दुसऱ्याचें ऐकूनच निकाल देईन. हें मान्य नसेल तर दुसऱ्यास पाठवा. बैठकींत जें न्याय्य दिसेल तें त्यानें करावें. आणि त्याच सायंकाळीं परत येऊन चावडीवर उभें राहून, काय केलें व कां केलें, तें सर्वांस सांगावें. शिव्या मिळाल्या तर त्या सोसाव्या. गांवानें त्यास पुढच्या खेपेस पाठवावें अथवा न पाठवावें. तो गांवाचा अधिकार आहे. पण निर्णय करण्यापूर्वीं गांवच्या चार माणसांनीं एकदां ओढ्याच्या कांठानें खालीं चालत जाऊन तीं शेतें पाहून यावीं, एवढीच आमची विनंति आहे.